इंग्रजी वाक्यसुधारणेचे प्रश्न : जादा शब्द आणि भरकटलेला मॉडिफायर कसा ओळखावा

स्पर्धा परीक्षेतील इंग्रजीचा विभाग म्हटला की आपल्या अभ्यासिकांमधील बरीच मुले-मुली शब्दसंग्रहाच्या मागे लागतात. रोज वीस-पंचवीस नवे शब्द पाठ करतात. त्याचा उपयोग आहेच. पण वाक्यसुधारणेच्या प्रश्नात अवघड शब्द फारसे येत नाहीत. वाक्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा असतो, अर्थही कळतो, आणि तरी वाक्य चुकलेले असते. चूक दिसत नाही, कारण मराठीत विचार करताना ते वाक्य आपल्याला अगदी बरोबर वाटते.

अशा न दिसणाऱ्या चुकांमध्ये दोन प्रकार फार येतात. पहिला, एकच गोष्ट दोनदा सांगणे. याला इंग्रजी व्याकरणात रिडंडन्सी म्हणतात, आपण पुनरुक्ती म्हणू. दुसरा, वर्णन करणारा शब्द किंवा शब्दसमूह भलत्याच शब्दाला जाऊन चिकटणे. हा मॉडिफायरचा दोष. या लेखात आम्ही या दोन्ही चुका कशा ओळखायच्या, त्या आपल्याकडून का होतात आणि परीक्षेत कोणत्या क्रमाने तपासायच्या, हे मांडत आहोत.

आधी वेळेचे गणित पाहू. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या कंबाइन्ड ग्रॅज्युएट लेव्हल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात ६० मिनिटांत १०० प्रश्न असतात, त्यातले २५ इंग्रजीचे. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ३६ सेकंद. बरोबर उत्तराला २ गुण, चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. आयबीपीएसच्या प्रोबेशनरी ऑफिसर पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे प्रश्नाला ४० सेकंद. तिथे चुकीला पाव गुण जातो. परीक्षेचे स्वरूप बदलू शकते, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची जाहिरात जरूर वाचावी. पण ३५-४० सेकंदांत "कानाला बरे वाटते" एवढ्या आधारावर उत्तर देणे धोक्याचे आहे, हे कोणत्याही वर्षी खरेच राहील. कानाला बरे वाटणारी इंग्रजी आपण घरात ऐकलेली नसते. म्हणून आपल्याला नियम हाताशी लागतो.

एक सूचना. या लेखातील इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत. वाचताना ती वहीत रोमन लिपीत उतरवून घ्यावीत. तेवढ्याने स्पेलिंगचाही सराव होईल आणि प्रत्येक शब्दावर नजर थांबेल.

पुनरुक्ती आपल्या बोलण्यातही आहे

"पिवळा पीतांबर" हा शब्दप्रयोग आपण चेष्टेने वापरतो. पीत म्हणजेच पिवळा, अंबर म्हणजे वस्त्र. मग वरून पुन्हा "पिवळा" कशाला? पण "एटीएम मशीन" म्हणताना आपल्याला हसू येत नाही. एटीएममधला शेवटचा "एम" मशीनचाच आहे. "पिन नंबर" मध्येही "एन" म्हणजे नंबरच. "परत एकदा रिपीट कर", "शेवटचा लास्ट चान्स" हेही तसेच.

बोलताना याने काही बिघडत नाही. परीक्षक मात्र नेमके हेच हेरतो. त्याला ठाऊक असते की बोलण्यातली सवय लिहिताना सुटत नाही. पुनरुक्तीचे पाच गट लक्षात ठेवले तर बहुतेक प्रश्न त्यांत बसतात.

पहिला गट : क्रियापदाच्या पोटातच असलेला शब्द

"ही रिटर्न्ड बॅक टू नांदेड आफ्टर द इंटरव्ह्यू." यात "बॅक" जादा आहे, कारण "रिटर्न" म्हणजेच परत येणे. मराठीत "परत" आणि "येणे" असे दोन शब्द लागतात, म्हणून इंग्रजीतही दोन शब्द ठेवावेसे वाटतात. "रिपीट अगेन" आणि "रिव्हर्ट बॅक" याच जातीचे.

याच गटात नको तिथे येणारे प्रीपोझिशन येते. "डिस्कस अबाउट", "डिस्क्राइब अबाउट", "एम्फसाइज ऑन", "ऑर्डर फॉर", "रिक्वेस्ट फॉर" हे सगळे क्रियापद म्हणून चूक. आपण "योजनेबद्दल चर्चा केली", "शिक्षणावर भर दिला" असे म्हणतो. तो "बद्दल" आणि "वर" आपल्यासोबत इंग्रजीत शिरतो. इंग्रजीत "डिस्कस" या क्रियापदाला कर्म थेट लागते : "वुई डिस्कस्ड द स्कीम."

इथे एक सापळा आहे. हेच शब्द नाम म्हणून आले तर प्रीपोझिशन लागते. "अ डिस्कशन अबाउट द स्कीम", "एम्फसिस ऑन एज्युकेशन", "अ रिक्वेस्ट फॉर हेल्प" ही सगळी बरोबर आहेत. म्हणून आधी विचारायचे : हा शब्द क्रियापद आहे की नाम? तसेच "एन्टर इन्टू द रूम" चूक, पण करार करण्याच्या अर्थाने "एन्टर इन्टू ॲन ॲग्रीमेंट" बरोबर.

दुसरा गट : नामातच सामावलेले विशेषण

"फ्री गिफ्ट", "पास्ट हिस्ट्री", "अनएक्स्पेक्टेड सरप्राइज", "फायनल आउटकम", "कझिन ब्रदर". यांच्यासाठी एक सोपी कसोटी आहे. विशेषणाच्या जागी त्याचा विरुद्ध शब्द ठेवून पाहा. विकतची भेट असते का? भविष्यातला इतिहास असतो का? आधीच माहीत असलेला आश्चर्याचा धक्का असतो का? नसेल, तर विशेषणाचे काम नामाने आधीच केले आहे. विरुद्ध शब्दही चालत असेल, तर विशेषण कामाचे आहे, ते काढू नये.

"कझिन ब्रदर" ला ही कसोटी लागत नाही, पण तो प्रश्न नेहमी येतो म्हणून लक्षात ठेवावा. आपल्याकडे चुलत, मामे, आते, मावस अशी नाती वेगळी असतात आणि भाऊ की बहीण हेही सांगावे लागते. इंग्रजीत या सगळ्यांना मिळून "कझिन" एवढाच शब्द पुरतो.

तिसरा गट : वेळ, माप आणि तुलना

"द मीटिंग स्टार्ट्स ॲट ८ ए.एम. इन द मॉर्निंग." ए.एम. म्हणजेच मध्यान्हापूर्वीची वेळ. दोघांपैकी एकच ठेवा. "द फंक्शन इज हेल्ड ॲन्युअली एव्हरी इयर", "अप्रॉक्सिमेटली अबाउट फिफ्टी पीपल", "सफिशिएंट इनफ", "इट मे पॉसिब्ली रेन" यांत प्रत्येक ठिकाणी एक शब्द फुकटचा आहे.

तुलनेतही हेच. "मोअर बेटर" चूक, कारण "बेटर" मध्ये तुलना आहेच. "जास्त चांगले" या मराठी सवयीतून तो येतो. "प्रेफरेबल", "सुपिरिअर", "ज्युनिअर" या शब्दांनाही "मोअर" लावत नाहीत, आणि त्यांच्यापुढे "दॅन" न येता "टू" येतो. "युनिक" म्हणजे एकमेव. परीक्षेच्या व्याकरणात "मोस्ट युनिक" चालत नाही.

चौथा गट : जोडशब्दांची जोडी

मराठीत जोडशब्द जोडीने चालतात : जरी-तरी, जर-तर, ज्याअर्थी-त्याअर्थी. त्यातला एक गाळला तर वाक्य अर्धवट वाटते. इंग्रजीत बहुतेक वेळा एकच पुरतो. "ऑल्दो ही वॉज इल, बट ही ॲपिअर्ड फॉर द एक्झाम" यात "ऑल्दो" तरी ठेवा किंवा "बट" तरी. मात्र "दो" किंवा "ऑल्दो" च्या जोडीला "यट" आला तर तो परीक्षेत बरोबर धरतात. "सिन्स इट वॉज रेनिंग, सो वुई स्टेड इनडोअर्स" यातला "सो" जादा. "सपोज इफ" हा "समजा जर" चा थेट अवतार. एकच शब्द ठेवावा. "द रीझन इज बिकॉज" यात "रीझन" आणि "बिकॉज" दोघेही कारणच सांगतात. परीक्षेत "द रीझन इज दॅट" हे उत्तर.

नकाराची पुनरुक्ती तर अर्थच उलटा करते. "अनलेस" मध्ये "नाही तर" आहे, "लेस्ट" मध्ये "नाही तर होईल" अशी भीती आहे. "अनलेस यू डू नॉट पे द फी, युअर फॉर्म विल बी रिजेक्टेड" याचा अर्थ होतो, फी भरू नका, नाही तर फॉर्म बाद होईल! "अनलेस यू पे द फी" एवढेच पुरेसे आहे.

पाचवा गट : दोनदा आलेला कर्ता किंवा कर्म

"माय ब्रदर ही वर्क्स इन पुणे." मराठीत "माझा भाऊ, तो पुण्यात काम करतो" असे आपण सहज बोलतो. इंग्रजीत कर्ता एकदाच. याहून फसवे वाक्य असे : "द फॉर्म विच आय सबमिटेड इट वॉज लॉस्ट." यातला "इट" जादा आहे, कारण कर्माची जागा "विच" ने घेतली आहे. आपल्या "जो फॉर्म मी भरला तो हरवला" या जो-तो रचनेची ती सावली आहे.

काढू नये असा शब्द

एवढे शिकल्यावर काही विद्यार्थी प्रत्येक प्रश्नात सर्वांत आखूड पर्याय निवडू लागतात. हा धोका आहे. "हर सॅलरी इज हायर दॅन दॅट ऑफ हर कलीग" यात "दॅट ऑफ" जादा वाटतो. पण तो काढला तर पगाराची तुलना थेट सहकाऱ्याशी होते, त्याच्या पगाराशी होत नाही. "आय मायसेल्फ सॉ द नोटीस" यात "मायसेल्फ" जोर देण्यासाठी आहे, ती चूक नाही. "नल अँड व्हॉइड" ही कायद्याच्या भाषेतली रूढ जोडी आहे.

म्हणून कसोटी लांबीची ठेवू नये. हा शब्द काढल्यावर काही हरवते का, एवढेच विचारावे. काही हरवत नसेल तर तो जादा. अर्थ, जोर किंवा तुलना यांपैकी काही हरवत असेल तर तो राहू द्या.

मॉडिफायर : इंग्रजीत जागा हेच सर्व काही

आता दुसरी चूक. "मुलाने कुत्र्याला पाहिले" हे वाक्य "कुत्र्याला मुलाने पाहिले" असे फिरवले तरी पाहणारा मुलगाच राहतो, कारण "ने" आणि "ला" हे प्रत्यय शब्दाला चिकटलेले आहेत. इंग्रजीत "द बॉय सॉ द डॉग" मधली नामे फिरवली की पाहणारा कुत्रा होतो. तिथे कोण कोणाचे, हे शब्दाच्या जागेवरून ठरते. वर्णन करणारा शब्दसमूह, म्हणजे मॉडिफायर, ज्याचे वर्णन करायचे त्याच्या शेजारीच बसला पाहिजे. प्रत्येक मॉडिफायरला विचारायचा प्रश्न एकच : तू कोणाचा?

सुरुवातीचा शब्दसमूह आणि "ऊन"ची कसोटी

"हॅव्हिंग फिनिश्ड द पेपर, द बेल रँग." पेपर संपवला कोणी? स्वल्पविरामानंतर पहिले नाम "द बेल" आहे, म्हणून इंग्रजीच्या नियमाने पेपर घंटेने संपवला. याला डँगलिंग मॉडिफायर म्हणतात, म्हणजे ज्याला वाक्यात धनीच नाही असा मॉडिफायर.

ही चूक आपल्याला का दिसत नाही? मराठीत "घरी जाताना पाऊस लागला" हे वाक्य पूर्ण बरोबर आहे. जाणारे आपण, लागणारा पाऊस. "ताना" या रूपाला दोन वेगळे कर्ते चालतात. म्हणून "गोइंग होम, द रेन स्टार्टेड" हे आपल्याला खटकत नाही.

पण मराठीतच दुसरे एक रूप आहे, "ऊन"चे. "जेवून मी निघालो" यात जेवणारा आणि निघणारा एकच. "पेपर संपवून घंटा वाजली" असे कोणी म्हटले तर आपल्याला लगेच खटकते. इंग्रजी वाक्याच्या सुरुवातीचा "इंग" किंवा "हॅव्हिंग" हा "ताना"सारखा वागत नाही, "ऊन"सारखा वागतो. म्हणून शंका आली की वाक्य मनात "ऊन" लावून म्हणावे. खटकले तर इंग्रजीही चुकले. "इथे येऊन दोन वर्षे झाली" असे काही मराठी अपवाद आहेत, पण कालावधी सांगणारी अशी वाक्ये सोडली तर कसोटी कामाला येते.

दुरुस्तीचे दोन मार्ग असतात. "व्हाइल क्रॉसिंग द रोड, अ ट्रक हिट हिम" हे वाक्य घ्या. पहिला मार्ग, मुख्य वाक्याचा कर्ता बदलणे : "व्हाइल क्रॉसिंग द रोड, ही वॉज हिट बाय अ ट्रक." दुसरा, सुरुवातीच्या भागाला स्वतःचा कर्ता देणे : "व्हाइल ही वॉज क्रॉसिंग द रोड, अ ट्रक हिट हिम." पहिल्या दुरुस्तीत पॅसिव्ह रचना आली आहे. पॅसिव्ह नेहमी टाळावा असे काही ठिकाणी शिकवतात. इथे तोच बरोबर ठरतो.

तीन खास सापळे लक्षात ठेवा.

एक, "बीइंग अ हॉलिडे, द ऑफिस वॉज क्लोज्ड." सुट्टी म्हणजे ऑफिस नव्हे. "इट बीइंग अ हॉलिडे" किंवा "ॲज इट वॉज अ हॉलिडे" हे उत्तर.

दोन, मालकी दाखवणारा शब्द. "रीडिंग द लेटर, हर आईज फिल्ड विथ टिअर्स." "हर" दिसते म्हणून ती वाचणारी आहे असे वाटते. पण कर्ता "आईज" आहे, आणि पत्र डोळे वाचत नाहीत, ती वाचते. "रीडिंग द लेटर, शी फेल्ट हर आईज फिल विथ टिअर्स" हे बरोबर.

तीन, पास्ट पार्टिसिपल. "रिटन इन अ हरी, द एक्झामिनर कुड नॉट रीड द आन्सर." घाईत लिहिले गेले ते उत्तर, परीक्षक नव्हे. "रिटन इन अ हरी, द आन्सर कुड नॉट बी रेड बाय द एक्झामिनर."

याला अपवादही आहेत. "कन्सिडरिंग", "रिगार्डिंग", "जजिंग फ्रॉम", "जनरली स्पीकिंग" हे शब्द रूढीने स्वतंत्र झाले आहेत. त्यांना धनी शोधायची गरज नाही.

मध्येच हरवलेला मॉडिफायर

"द लायब्ररी गेव्ह बुक्स टू द स्टुडंट्स विथ टोर्न कव्हर्स." फाटकी वेष्टने पुस्तकांची, पण शेजारी बसले आहेत विद्यार्थी. "बुक्स विथ टोर्न कव्हर्स" असे एकत्र आणले की वाक्य सरळ होते.

दोन्हीकडे पाहणारा मॉडिफायर याहून अवघड. "स्टुडंट्स हू रिव्हाइज ऑफ्टन स्कोअर वेल." "ऑफ्टन" कोणाचा? वारंवार उजळणी करणारे, की वारंवार चांगले गुण मिळवणारे? वाक्यातून दोन्ही अर्थ निघतात, हाच दोष. "स्टुडंट्स हू ऑफ्टन रिव्हाइज" किंवा "ऑफ्टन स्कोअर वेल, स्टुडंट्स हू रिव्हाइज" यांत पहिली रचना निवडावी. दुसरी अर्थाने स्पष्ट असली तरी तिची घडण इंग्रजीत अवघडलेली आहे.

"ओन्ली" आणि आपला "च"

"ओन्ली", "जस्ट", "नियर्ली", "ऑलमोस्ट", "ईव्हन" हे शब्द जागा बदलली की अर्थ बदलतात. इथे मराठीचा "च" उपयोगी पडतो, कारण तो नेमका ज्या शब्दाचा त्यालाच चिकटतो. "मीनाने दहाच रुपये दिले" म्हणजे "मीना गेव्ह ओन्ली टेन रुपीज." "मीनानेच दहा रुपये दिले" म्हणजे "ओन्ली मीना गेव्ह टेन रुपीज." "च" कुठे लागतो ते आधी ठरवा, मग "ओन्ली" त्या शब्दाच्या आधी ठेवा. इंग्रज माणूस बोलताना "ओन्ली" क्रियापदाआधी ठेवतो हे खरे, पण परीक्षेत काटेकोर जागा मागतात.

"ही नियर्ली सॉल्व्ड ट्वेंटी क्वेश्चन्स" आणि "ही सॉल्व्ड नियर्ली ट्वेंटी क्वेश्चन्स" यांतही फरक आहे. पहिल्यात तो सोडवण्याच्या बेतात होता, दुसऱ्यात त्याने वीसच्या आसपास सोडवले.

परीक्षेत कोणत्या क्रमाने पाहावे

१. पहिल्यांदा क्रियापद आणि त्याचा कर्ता शोधा. पाच सेकंदांत वाक्याचा सांगाडा दिसतो.

२. वाक्य "इंग", "हॅव्हिंग" किंवा पास्ट पार्टिसिपलने सुरू होत असेल, तर स्वल्पविरामानंतरचे पहिले नाम पाहा. ते त्या क्रियेचा धनी आहे का?

३. अधोरेखित भागात दोन शब्द एकच काम करतात का? पाच गट मनात फिरवा.

४. "ओन्ली", "ऑफ्टन", "विच", "विथ" दिसले तर विचारा : तू कोणाचा?

५. काही सापडले नाही तर "नो इम्प्रूव्हमेंट" निवडायला घाबरू नका. तोही एक खरा पर्याय असतो.

६. निवडलेला पर्याय पूर्ण वाक्यात घालून एकदा वाचा. एक चूक काढताना दुसरी घालणारा पर्याय परीक्षक मुद्दाम ठेवतो.

चारपैकी दोन पर्याय कारणासहित बाद करता आले, तर उरलेल्या दोनांतून निवड करणे फायद्याचे असते. अशा चार प्रश्नांत दोनच बरोबर आले तरी कंबाइन्ड ग्रॅज्युएट लेव्हलच्या हिशेबाने ४ गुण मिळतात आणि १ जातो. निव्वळ ३ गुण हातात राहतात.

सरावासाठी आठ वाक्ये

उत्तरे पाहण्याआधी वहीत दुरुस्ती करा आणि शेजारी कारण लिहा. कारण लिहिता आले नाही, तर उत्तर बरोबर असले तरी तो भाग पुन्हा वाचा.

१. "द कमिटी डिस्कस्ड अबाउट द स्कॉलरशिप फॉर टू आवर्स."
२. "बीइंग अ संडे, द बँक वॉज क्लोज्ड."
३. "लुकिंग फ्रॉम द हिलटॉप, द व्हिलेज अपिअर्ड टायनी."
४. "द रोड्स ऑफ अवर टाउन आर वायडर दॅन दोज ऑफ द नेक्स्ट टाउन."
५. "शी वर्क्ड हार्ड लेस्ट शी शुड नॉट फेल."
६. "द क्लर्क हू स्पोक टू मी रूडली आन्सर्ड द फोन."
७. "जजिंग फ्रॉम द क्लाउड्स, इट विल रेन सून."
८. "द बुक विच यू गेव्ह मी इट इज मोअर बेटर दॅन धिस वन."

उत्तरे अशी. पहिल्यात "अबाउट" काढा. दुसऱ्यात "इट बीइंग अ संडे". तिसऱ्यात गाव पाहत नाही, गाव पाहिले जाते, म्हणून "सीन फ्रॉम द हिलटॉप". चौथे बरोबर आहे. "दोज ऑफ" काढला तर रस्त्यांची तुलना गावाशी होईल. पाचव्यात "नॉट" काढा. सहाव्यात "रूडली" दोन्हीकडे पाहतो. उद्धट बोलणे की उद्धटपणे फोन घेणे, हे ठरवून तो "हू रूडली स्पोक टू मी" किंवा "आन्सर्ड द फोन रूडली" असा हलवा. सातवे बरोबर आहे. आठव्यात दोन शब्द जादा आहेत, "इट" आणि "मोअर".

जुन्या जीमॅट परीक्षेचे वाक्यसुधारणेचे प्रश्नसंच अनेक अभ्यासिकांत मिळतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये जीमॅटचे नवे स्वरूप आले आणि त्यातून हा प्रकार वगळला गेला. त्यामुळे व्यवस्थापन शिक्षणासाठी जीमॅट देणाऱ्यांनी त्यावर वेळ घालवू नये. पण मॉडिफायर आणि तुलना यांचा कसून सराव करायचा असेल, तर ते संच इतर परीक्षांसाठी आजही चांगले आहेत. त्यांत पाच पर्याय असतात आणि पहिला पर्याय मूळ वाक्यच असतो.

निवेदन लिहितानाही हेच

हा अभ्यास परीक्षेपुरता नाही. आपल्यातले अनेक कार्यकर्ते आयोगांना, मंत्रालयांना, विद्यापीठांना इंग्रजीत निवेदने पाठवतात. तिथे गुण कापले जात नाहीत, पण अर्थ कापला जातो.

"द फॅमिलीज, हू लॉस्ट देअर हाउसेस, शुड बी गिव्हन लँड" या वाक्यात दोन स्वल्पविराम आहेत. त्याचा अर्थ, सर्व कुटुंबांची घरे गेली आणि सर्वांना जमीन द्या. स्वल्पविराम काढले, "द फॅमिलीज हू लॉस्ट देअर हाउसेस शुड बी गिव्हन लँड", की मागणी फक्त ज्यांची घरे गेली त्यांच्यापुरती उरते. घर वाचले पण शेत गेले अशी कुटुंबे त्या वाक्यातून बाहेर पडतात. तसेच "अनएम्प्लॉइड ग्रॅज्युएट्स अँड वर्कर्स" असे लिहिले तर कामगारही बेरोजगारच हवेत का, असा प्रश्न समोरचा अधिकारी विचारू शकतो. "वर्कर्स अँड अनएम्प्लॉइड ग्रॅज्युएट्स" असे फिरवले की शंका राहत नाही.

"प्लीज काइंडली", "वुई रिक्वेस्ट फॉर ॲन इन्क्वायरी", "रिव्हर्ट बॅक" हे शब्द जवळपास प्रत्येक अर्जात दिसतात. "प्लीज" किंवा "काइंडली" एकच पुरे. "वुई रिक्वेस्ट ॲन इन्क्वायरी" हे बरोबर आणि अधिक ठाम.

आमची सूचना अशी. अभ्यासिकेत आठवड्यातून एक तास राखून ठेवावा. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतली दहा वाक्ये आणि आपल्याच संघटनेने पाठवलेले एक जुने इंग्रजी निवेदन घ्यावे. वाक्यागणिक दोन प्रश्न विचारावेत : हा शब्द काढला तर काय हरवते, आणि हा शब्दसमूह कोणाचा? जो आधी चूक पकडेल, त्याने कारण मराठीत सर्वांना समजावून सांगावे. असे समजावून सांगता आले, की तो नियम परीक्षेच्या खोलीतही आठवतो.